राब कुणी पेटवला

शिवरे,
१० जुलै

ती. वहिनी,

तुझ्या पाया पडतो. चिठ्ठी येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला रोज बसतो आणि रोज उठतो. एकदा पेन नव्हतं. एकदा पेन होतं, पण हायवेवर टोमॅटोचा टेम्पो कलंडला. तो बघायला गेलो आणि दिवस तिथंच गेला. खरं सांगायचं तर लोकांनी तो टेम्पो अर्ध्या तासात उभा केला होता.

फोन का करत नाही, म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मागून दादाचा आवाज येतो, ‘जेवला का इचार त्याला.’ तो आवाज आला की मी फोन कट करतो. रेंज गेली म्हणून सांगतो. हायवेवर रेंज कुठं जातीय.

मी हितं आनंदरावांच्या पंक्चरच्या दुकानात आहे. त्याआधी आठ दिवस भोंगवलीला पोल्ट्रीवर, त्याआधी टेम्पोवर क्लीनर. कोंबड्यांचा वास अजून केसांतून गेला नाही. आनंदराव माणूस बरा, पण दिवसभर मोबाईलवर कुणा एका बाबाची भाषणं लावतात. खचू नका, हसत राहा, वाईट काळ माणसाला शिकवून जातो. काल मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होतो आणि तो बाबा म्हणाला, संकटाचे आभार माना. मी पाना भिंतीवर फेकला. आनंदराव शांतपणे म्हणाले, ‘फेकायचा आसंल तर सोताचा आण.’

मला काय शिकवलं त्या काळानं? भर दुपारी राब पेटवू नये, हे? ते तर मी दुसरीत असतानाच दादानं शिकवलं होतं.

राग तुझ्यावरही आहे. एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती तू शर्ट पाठवलास आणि त्यात चिठ्ठी. ‘दादावर राग धरून घर सोडू नको. माणसाच्या हातून चुकतं. त्याचे हात बरे होत आहेत. तूही मन खंबीर कर आणि ये.’ चिठ्ठी मी फाडली. शर्ट घातला. मापात बसतो.

दादावर राग धरू नको, म्हणे. वहिनी, तुला काही माहीत नाही. त्या दिवशी तू माहेरी होतीस. तुला माहीत आहे ते सगळं दादानं सांगितलेलं.

आपल्या पाली गावात भाताच्या रोपांसाठी कुणाला राब भाजायचा असला की आदल्या दिवशी दादाला विचारायला यायचे. ‘ज्ञानू, उद्या वारा कसा ऱ्हाईल?’ दादा आभाळाकडं बघायचा, ओलं बोट वर धरायचा आणि सांगायचा, ‘पहाटं पेटीव, उन्हं वर यायच्या आत इझव.’ असं नाव होतं त्याचं. आणि मेमध्ये आपल्याच राबाची आग शेजारच्या बनाकाकीच्या गोठ्याला लागली, तिची गाय आत मेली. त्यानंतर ज्यांचे राब राहिले होते, त्यांच्यातलं कुणी आपल्या दारात आलं? पारावर काय बोलतात ते हितं शिवऱ्यापर्यंत येतं. ज्ञानूची अक्कल चरायला गेली, म्हणतात. हे ऐकलं की समोरच्याचं नरडं धरावंसं वाटतं. पण धरून त्याला सांगू काय?

राब मी पेटवला.

दादा म्हणाला होता, पहाटे चारला ऊठ, दोघं मिळून भाजू. पण पुण्याच्या पोरांना त्याच पहाटे राजगडावर न्यायचं मी कबूल करून बसलो होतो. म्हटलं, आजच उरकून टाकू. दुपारचे दोन. वाफ्यावर शेण, पाला, वर गवत, सगळं वाळून कडक. काडी लावली आणि मोबाईल काढला. जाळ चांगला दिसत होता म्हणून. वारा फिरला, तेही व्हिडिओत आहे. मग गोठ्याचं छप्पर धरलं. दादा वरच्या शेतातून पळत आला, आत घुसला, बैल सोडला. गाईचं दावं नायलॉनचं. ते वितळून त्याच्या दोन्ही तळहातांना चिकटलं, तरी तो गाठ सोडत होता. मी बांधावर उभा होतो. मी हललो नाही, वहिनी.

पंचनाम्याला तलाठ्यानं विचारलं, ‘पेटवलं कुणी?’ दादा बादलीत हात बुडवून बसला होता. म्हणाला, ‘म्या.’ माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कुणी सांगितलं होतं त्याला? चार शिव्या द्यायच्या होत्या, सगळ्यांसमोर मुस्काटात मारायची होती. हात नव्हते मारायला, ते खरं. पण त्याचं ते ‘म्या’ माझ्या घशाखाली जात नाही. इतका चांगुलपणा करू नये माणसानं दुसऱ्यावर. त्यानं खाली मान घातली ती माझ्यासाठी, आणि मी काय केलं, तर पिशवी उचलून पळालो. वर तू लिहितेस की

थांब. एसटीतनं बनाकाकी उतरली आहे.

एकटीच. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पोटरीपर्यंत वाळलेला चिखल. नसरापूर फाट्यावर गाडी बदलून, विचारत विचारत आली म्हणे. कागद बघून म्हणाली, ‘काय लिवतोयस?’

‘वहिनीला पत्र.’

‘आता लिवतोस व्हय. त्या दिशी म्या बांधापल्याडच व्हते. माजी गाय वरडत व्हती आन् तू मोबाईल धरून हुबा.’

‘मग बोलली का न्हाईस, काकी?’

‘ज्ञानूचं हात बघून काय बोलू? पन काल त्यो माज्या खाचरात चिखलणीला आला. काकी, सावड हाय म्हनला, तू आमच्या लावणीला येतीस, म्या तुज्या चिखलणीला येनार. फडकी बांधून औत धरलं. फडक्यातनं रगात आलं, तरी सोडंना. मेल्या, ती सावड त्याची न्हाई, तुजी हाय. गाईचं तर म्या अजून काडलंच न्हाई.’

दोन महिन्यांत कुणीतरी मला मेल्या म्हणालं. खरं सांगतो, बरं वाटलं.

आनंदरावांनी तिला चहा दिलाय. तिनं बशीत ओतलाय, पण पीत नाही, माझ्याकडंच बघतेय. परतीची गाडी साडेबाराला आहे. मी विचारलं, पत्र पोस्टात टाकू का. म्हणाली, ‘लिवल्यालं खिशात ठेव. त्वांडानं सांग. पारावर, समद्यांम्होरं.’

कागद घेऊन येतोय. तिथं पोचल्यावर माझं तोंड उघडलं नाही, तर तू वाच. मोठ्यानं वाच, दादा थांब म्हणाला तरी थांबू नको.

राब पेटवणारा,
कुमार