शेजारच्या सीटसमोरचा ब्रेक

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवून निवृत्त झालेली, गल्लीत 'ब्रेकबाई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणून पाहिले गेले, चालले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणास शंका असल्यास त्याने मला बाजारामागच्या बोळातून गाडी उलटी काढायला सांगावी.

वकीलबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्या म्हणतात, "बाई, यात शेरे नकोत. कोणाला काय, एवढंच लिहा." पण का, हे न लिहिता मला कोणाला काही देता येत नाही.

एक. राहते घर मुलगा आणि सून या दोघांना, समान हिश्श्याने. दोघांच्या सहीशिवाय विकता येणार नाही.

दोन. जॅक, चाकाचा पाना आणि गाडी ओढायचा दोर माझ्या जावेला. ती गाडी चालवते हे माझ्या दिरांना माहीत नाही. हे वाचताना कळेल. मी तिला विचारूनच लिहीत आहे. "एकदाचं कळू दे," म्हणाली.

तीन. दिरांना एक जळकी क्लचप्लेट. बायकांना क्लच कळत नाही, असे ते घरात चारचौघांसमोर सांगत आले. ही प्लेट त्यांनी स्वतः, माझ्या गाडीत, एका चढावर जाळली. मी शेजारी होते आणि गप्प बसले. प्लेट मात्र जपून ठेवली.

चार. गाडी सुनेला. एकटीला.

मुलगा शाळेत जायच्या आधीपासूनची ही गाडी. यंदा चढावर धूर सोडू लागली, तसा तो म्हणाला, "आई, भंगारात घाल ती. नवी घेऊ. तुम्हा दोघींना हवं तिथं मी सोडत जाईन."

"सोडशील रे. तुझ्या वेळेला."

गॅरेजचे मिस्त्रीही त्याच्याच बाजूचे. "बाई, एवढ्या खर्चात दुसरी बरी येईल. हिच्यात आता राहिलंय काय?"

"उघडा आणि बघा," मी म्हटले.

उघडली. इंजिनाचे काम केले, गंजलेला पत्रा कापून नवा बसवला. लोक हसले. हसोत. सुनेचा हात या गाडीवर बसला आहे. हिचा क्लच कुठे धरतो, हे तिच्या पायाला ठाऊक आहे. नव्या गाडीत तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि शेजारी मुलगा बसला असता.

शिकवण्याच्या गाडीला शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून तो न दाबणे, हेच माझे काम होते. सून माझ्याकडे शिकली, परीक्षा पास झाली. मग एका रविवारी मुलगा माझ्या जागी बसला. मी मागे होते. चौकापर्यंत तिने गाडी चालवली थोडी, त्याने थांबवली फार.

"सायकलवाला बघ!"

"बघितला."

"मग मध्येच थांबलीस काय?"

"मी नाही, तू थांबवलीस!"

घरी येऊन तिने किल्ली खिळ्याला अडकवली. "आई, मला नाही जमणार." त्यानंतर किल्लीला हात लावलेला नाही.

मुलगा वाईट नाही. लहानपणी मागच्या सीटवर बसून त्याने माझ्या नवशिक्यांचे सगळे गचके खाल्ले आहेत. ती धास्ती अजून त्याच्या अंगात आहे. पण त्याच्या धास्तीपायी तिने घरी बसायचे, हे माझ्या हयातीत चालणार नाही आणि माझ्यामागेही नाही.

म्हणून तो ब्रेक मी काढून टाकला आहे.

"मग शिकवणार कशा?" मिस्त्रींनी विचारले.

"शिकवून झालंय."

मुलाने गाडी विकायला लावल्यास, किंवा "आण, जरा मी चालवतो" म्हणून किल्ली घेतल्यास, घरातील त्याचा हिस्सा सुनेकडे जाईल. वकीलबाई म्हणतात, हे कोर्टात टिकणार नाही. न टिको. त्याने वाचले म्हणजे झाले.

पाच. दुरुस्तीनंतर बँकेत जे उरले आहे तेही सुनेला. टायर घ्यावेत, नाहीतर लांब कुठेतरी जाऊन यावे.

सहा. मुलाला, घराच्या हिश्श्याखेरीज, काढलेल्या ब्रेकचे पेडल, दांड्यासकट. बायकोशेजारी बसेल तेव्हा ते पायाखाली ठेवावे आणि हवे तेवढे दाबावे.

साक्षीदारांना मी काही ठेवलेले नाही, कारण तसा नियम आहे. मिस्त्री म्हणाले, "म्हणजे सहीही करायची आणि मिळणार काही नाही?" तरी केली.

सही: ब्रेकबाई (खरे नाव वकीलबाईंनी खाली घातले आहे)

साक्षीदार: १. मिस्त्री २. वकीलबाई

दिनांक: आजचा, शिक्क्याप्रमाणे.

स्थळ: घराची पायरी. सही गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून करणार होते. पण खिळ्यावर किल्ली नाही, आणि गाडीही जागेवर नाही. मुलगा इथेच, माझ्या शेजारी बसला आहे.