मॅब्री गेला त्या आठवड्यात

लॅकवाना, न्यूयॉर्क
रविवार, १५ मार्च

लाडक्या रेनी,

तुला आणि मुलांना आशीर्वाद. तुझ्याकडे फिनिक्सला एव्हाना पंखे लागले असतील. इथे सरोवरावरून वारा सुटला की उपसलेला बर्फ पुन्हा दारात येऊन बसतो. माझी तब्येत बरी आहे. पाठ अधूनमधून धरते, पण जिना चढतो.

मॅब्रीला सोडलं, हे तुला कळलंच असेल. चौदा हंगाम तो आपल्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता, प्रत्येक चाल त्याच्याच हातून सुटायची, आणि मंगळवारी दुपारी क्लबनं दोन वाक्यांत सांगून टाकलं की आता नाही. मी बटाटे सोलत होतो. जरा थांबलो आणि मग पुन्हा सोलायला लागलो. दुसरं काय करणार होतो?

शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेले मासे खायला गेलो. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी मांस चालत नाही, मासे चालतात, त्यामुळे सगळी आळी तिथेच. शेजारचा जीन ताट घेऊन समोर बसला. त्याचं तोंड तुला माहीत आहे.

“छत्तीस वर्षांचा झाला तो, कॅझ. गुडघ्याचा पार भुगा झालाय. तू असतास तर ठेवला असतास?”

“ठेवला असता.”

“म्हणून तर तुला कोणी क्लब चालवायला देत नाही. खा आता, गार होतंय.”

आणि हाच जीन काल सकाळी गाडी सुरू ठेवून दारात उभा. म्हणाला, “मॅब्री आज सामान न्यायला येतोय म्हणे. चलतोस का? मला काही हौस नाही, तुझ्यासाठी म्हणतोय.” अंगात मॅब्रीचा बारा नंबरचा सदरा होता, कोटावरून चढवलेला.

सरावाच्या मैदानाच्या फाटकाशी पन्नासेक माणसं जमली होती. कोणी घोषणा देत नव्हतं. बर्फात पाय आपटत सगळे नुसते उभे होते. बऱ्याच वेळानं त्याची गाडी बाहेर आली आणि त्यानं काच खाली केली. लोक एकेक करून हात मिळवत होते. माझी पाळी आली. टीव्हीवर वाटतो त्यापेक्षा थकलेला दिसतो गं तो. कानशिलावर पांढरे केस आलेत.

त्याला काय काय सांगायचं म्हणून मी वाटभर जुळवत आलो होतो. हॉस्पिटलातला तो रविवार सांगायचा होता. आई पलंगावर, तू उशाशी, मी खिडकीत, आणि भिंतीवरच्या टीव्हीत हा. डॉक्टर सकाळीच येऊन सांगून गेले होते. आपण तिघांनी पूर्ण सामना पाहिला, आणि डॉक्टरांच्या बोलण्याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. तू म्हणालीस, “आज त्यानं एवढं पळायला नको होतं.” आई म्हणाली, “पळू दे गं त्याला.” त्यानंतर ती फारसं बोललीच नाही.

हे सगळं त्याला सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, “गुडघा कसा आहे?”

“बरा आहे, सर,” तो म्हणाला. माझा हात त्यानं सोडला नव्हता. “तुमच्या घरी कसे आहेत सगळे?”

“सगळे छान आहेत,” मी म्हणालो.

गाडी पुढे गेली. जीननं विचारलं, “काय म्हणाला?” मी सांगितलं, “गुडघा बरा आहे म्हणतो.” परत निघालो. आमच्या वळणावर जीननं गाडी उगाच थांबवली, नाक शिंकरलं आणि पुन्हा सुरू केली.

रेनी, आईला पोचवून तू परत गेलीस, त्यानंतर दर रविवारी सामना संपला की तुझा फोन यायचा. मॅब्रीनं हे का केलं, तो चेंडू तिकडे का फेकला. तासतासभर बोलायचो आपण. मला वाटायचं, आपलं बरं चाललंय. नोव्हेंबरमध्ये त्याला दुखापत झाली. पुढचे सामने त्या नव्या मुलानं खेळले, आणि तुझे फोन आखूड होत गेले. नाताळानंतर आलाच नाही. मी तुला दोष देत नाही. मीही दोनतीनदा फोन उचलला होता. तू हॅलो म्हटल्यावर पुढे काय बोलायचं, ते सुचेना. ठेवून दिला.

तिचे कपडे अजून कपाटात आहेत. काय करायचं त्यांचं, मला कळत नाही. तुला विचारायचं तर तिचं नाव काढावं लागेल, आणि फोनवर आपण दोघांनी ते एकदाही काढलेलं नाही. ईस्टर आलाय. बाजारात सणाच्या ताटात ठेवायची, लोण्याची घडवलेली कोकरं मांडलीत. ती दरवर्षी निवडून निवडून एक आणायची. मी दुकानापर्यंत जाऊन परत आलो.

नवा क्वार्टरबॅक घेतील आता. चांगला असेलही. पण मला त्याच्याबद्दल काही सांगता येणार नाही, आणि तुलाही नाही. तरी फोन कर. बोलायला काही नसलं तर धरून ठेव. मीही धरून ठेवीन.

तुझा,
घरात एकटाच असलेला,
बाबा