पुराच्या रेघेवरचे मासे

२ जून १९५७, सकाळी
मुरारी मुंबईहून आला. चुलतभाऊ असावा तर असा! एस.टी.च्या टपावर गोणपाटात गुंडाळलेली काचेची पेटी आणि मांडीवर डालड्याच्या डब्यात दोन मासे, एक लाल, एक काळा. त्याच्या गिरणीतल्या साहेबाची बदली झाली, जाताना देऊन गेला. महाडात कुणाकडे असली पेटी असेल असं वाटत नाही. मामलेदार कचेरीत इतकी वर्षं कारकुनी केली, पण माणसाची पोझिशन शेवटी त्याच्या दिवाणखान्यावरून कळते. आमचा दिवाणखाना म्हणजे पुढची खोली. बायको प्रयाग तिथे कपडे शिवते, पण ते बघता येईल.
शेजारच्या गोदूबाई माडीवरून खास उतरून आल्या आणि कालवण कधी करणार, असं विचारून गेल्या. अडाणीपणाला औषध नाही.
संकल्प: पेटीची उंची सायंटिफिक पद्धतीने ठरवणे.

५ जून
तिवईवर ठेवली. लेव्हल चुकली. माणसाला वाकावं लागतं, मांजराला मात्र अगदी सोयीची. मांजर दिवसभर समोर बसून होतं. मासे कोपऱ्यात.

९ जून
प्रयागच्या शिलाई मशीनवर ठेवून पाहिली. उंची उत्तम! प्रयाग पदराने मशीनवरचं पाणी टिपत राहिली. मग पेटी मी स्वतःच्या मर्जीने उतरवली.
हे मशीन तिने पाटल्या मोडून घेतलं. गौरी-गणपतीचे झंपर सगळी आळी तिच्याकडे टाकते. घरातलं तेलमीठ मशीनवर निघतं असं तिचं म्हणणं. मग माझा पगार काय वाऱ्यावर जातो?

१६ जून, संध्याकाळी
सुचलं! फळी!
आमच्या आळीत घराघरात भिंतीवर गेरूची रेघ आहे. वडिलांच्या वेळी सावित्री नदीचं पाणी तिथवर चढलं होतं. त्या रेघेच्या वर प्रत्येकाची एक भक्कम फळी असते आणि आषाढ लागायच्या आत घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तिच्यावर जाते. आमच्याकडे दरवर्षी मशीनचं डोकं काढून वर ठेवतात. यंदा पेटी ठेवायची. उद्या पूर आला तर मासे वाहून जायला नकोत. साधं लॉजिक आहे.
प्रयागने मला काही न विचारता गोदूबाईंना विचारलं, की मासे पाण्यात बुडतात काय गो? दोघी बराच वेळ हसत होत्या. मी लक्ष दिलं नाही.
मशीनसाठी दुसरी फळी ठोकून देतो, असा शब्द दिला आहे. शब्द म्हणजे शब्द.

२४ जून
पेटी वर गेली. स्टुलावर उभं राहून घागरींनी भरली. फळी किंचित वाकली आहे, पण लाकूड वाकायचंच.
हेडक्लार्क चहाला आले होते. खालून पेटीचा पत्र्याचा तळच तेवढा दिसतो हे तेव्हा ध्यानात आलं. वर पिंप कसलं ठेवलंय, असं त्यांनी विचारलं. स्टुलावर चढून बघा म्हटलं तर गुडघा दुखतो म्हणाले. या वयात माणसाची जिज्ञासा मरते.

३ जुलै
दुसऱ्या फळीचं: सुतार भातलावणीला गावी गेला आहे. येईल.
प्रयागने आठवण केली. मी म्हणालो, मला आठवण करावी लागत नाही.

९ जुलै
मुंग्यांची रांग अंडी तोंडात धरून भिंतीवर चढते आहे. थेट फळीपर्यंत. माशांच्या खाद्याचा वास लागला असणार. प्रयाग म्हणते, वासबीस काय नाय, पाणी येणार. या बायकांना प्रत्येक गोष्टीत पाणीच दिसतं.
सुतार आलेला नाही.

१५ जुलै
मेहुणा हैबती उमरठहून आला, भिजून चिंब. म्हणाला, आंबेनळीत पावसाला उघडीपच नाय, डोंगराच्या डोंगर वाहतायत, अन् घाटातलं पाणी महाडात यायला येळ लागत नाय. गाडी जोडून आणलीय दाजी, ताईचं मशीन उमरठला नेऊन ठेवतो, पाऊस सरला की आणून देईन.
म्हणजे माझ्या घरात एक मशीन ठेवायला जागा नाही, असं सासुरवाडीभर होणार! मी साफ नाही म्हटलं. फळी उद्याच ठोकतो, म्हणालो. प्रयाग दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि भावाला चहा दिला. रिकामी गाडी परत गेली.

१६ जुलै
सुतार आला. तापाने फणफणला आहे. तापात माणसाला ठोकाठोकी कशी सांगायची? मी दयाळू आहे, हाच माझा दोष.

२१ जुलै
मासे खात नाहीत. दोघंही तळाला पोट टेकून, तोंड नदीच्या बाजूला करून पडले आहेत. खाद्य बदलून पाहावं.
कचेरीत बसून नदीचा आवाज येतो. पूर्वी येत नसे. खिडकी नीट लागत नसेल. सकाळी उंबऱ्यावर पाणदिवड वेटोळं करून बसली होती. बिनविषारी असते. प्रयागने हाकलली नाही, नुसती बघत राहिली. मलाही जरा कसंसंच झालं. दमट हवेने होतं तसं.

२५ जुलै
बाजारात सगळ्यांनी पोती माळ्यावर चढवली. व्यापारी भित्रेच. परवा अवस, त्यात खाडीला मोठी भरती, नदीचं पाणी तुंबणार म्हणतात. खबरदारी म्हणून कचेरीतलं सगळं दप्तर वरच्या मजल्यावर हलवलं. सर्वांत जास्त गठ्ठे मी वाहिले. साहेबांनी पाठ थोपटली. घरी येऊन पाठ चोळून घ्यावी म्हटलं, तर प्रयाग झंपर बेतत होती. बेततच राहिली.
गोदूबाईंनी मशीन माडीवर आणा म्हणून निरोप दिला. आपली वस्तू लोकांच्या घरात? पोझिशन काय राहील? नको म्हणून कळवलं.

२७ जुलै, सकाळी
दिव्याची अवस. प्रयागने दिवे घासून पाटावर मांडले आहेत. आळीत पाणी आलं आहे, पण संथ. ती म्हणाली, पेटी उतरवा आता तरी. भरलेली पेटी उतरवायची कशी? आधी पाणी काढावं लागेल, म्हणजे घरात आणखी पाणी! तिला पटलं नसावं.

२८ जुलै
गोदूबाईंच्या माडीवरून लिहितो आहे. खाली सगळीकडे गढूळ पाणी.
काल दुपारी उंबरा ओलांडून आत आलं. पाटावरचे दिवे आधी गेले. बघता बघता गुडघ्याला लागलं. प्रयाग आणि गोदूबाई मशीनचं डोकं सोडवायला धडपडत होत्या. पेचकस माझ्याकडे होता. फळीचा एक स्क्रू ढिला झाला होता, स्टुलावर चढून तो आवळत होतो. प्रयागने पेचकस मागितला. मी म्हणालो, एक मिनिट. तिने पुन्हा मागितला. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा तिने मागितला नाही.
मग पाणी कमरेला आलं आणि गोदूबाईंनी तिला ओढून वर नेलं. मी मागाहून गेलो. पेचकस खिशात होता.

२९ जुलै
पाणी उतरलं. रेघेच्या वीतभर खाली थांबलं होतं. मासे जिवंत! उंची अचूक ठरली, हे आता कुणालाही नाकारता यायचं नाही.
मशीनमध्ये गाळ भरला आहे. चाक फिरत नाही. लोकांच्या झंपरांची कापडं चिखलात गेली. प्रयाग एकेक कापड विहिरीवर धुऊन ज्याचं त्याला परत नेऊन देते आहे. दारोदार जाऊन काय सांगते कोण जाणे. मी मासे दाखवायला हाक मारली. आली नाही.

४ ऑगस्ट
हैबती गाडी घेऊन आला. मशीन पोलादपूरला दुरुस्तीला नेलं. प्रयागही गेली. बरोबरच आहे, मशीनबरोबर जाणतं माणूस हवंच. ट्रंक कशाला नेली ते विचारायचं राहिलं.
गणपतीपर्यंत येईल.

२० ऑगस्ट
भात रोज करपतो. तांदूळच या वर्षी हलका आहे.
सुतार बरा होऊन आला होता. दुसरी फळी ठोकू का, म्हणून विचारत होता. कशासाठी, असं मी विचारणार होतो. म्हटलं, बघू.

३० ऑगस्ट, संध्याकाळी
काल गणपती बसले. आज हैबती आला. एकटाच.
मशीन चालू झालं म्हणे. उमरठला त्याच्या पडवीत मांडलं आहे, आसपासच्या वाड्यांतल्या बायका कापडं आणून टाकतात. ताई बरी हाय, म्हणाला. कधी येणार, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, दाजी, ताईनं फळी तेवढी मागितलीय. आमच्या परसातल्या फणसाची हाय ती, लग्नात तिच्याबरोबर दिलेली. पडवीत ठोकायचीय, मशीनसाठी.
पेटी उतरवायला त्यानेच हात लावला. मग पेचकस मागितला. लगेच दिला.
तो गेल्यावर फार वाईट वाटलं. अगदी रडूच आलं. दमट हवा नव्हती.
पेटी आता जमिनीवर आहे. समोर चटईवर बसलं की मासे बरोबर डोळ्यांसमोर येतात. घरात बसणारा मी एकटाच, तेव्हा उंचीचा प्रश्न सुटला.