बायनावहिनींची वाक्ये

अंबाजोगाई,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय शिवकन्या,

तुझे पाटोद्याहून आलेले पत्र मिळाले. तुझ्या दादांच्या इच्छेवरून वहिनी इंग्रजी शिकत आहेत. त्यांची वाक्ये शुद्ध आहेत की नाहीत हे मी पाहावे, म्हणजे ती हैदराबादेस दादांना धाडता येतील, असे तू लिहिलेस. तुझा शब्द मी मोडला नाही. बायनावहिनी रोज दुपारी भांडी आवरून येतात. 'गाय दूध देते', 'विहीर खोल आहे', अशी साधीच वाक्ये. चुकले की स्वतःच हसतात, "ताई, ही इंग्रजी गाय लई लाथा मारती बगा!" त्यांचा राग येत नाही. आला असता तर बरे झाले असते.

मराठी शाळेत माझा पहिला नंबर आला, त्यानंतर तुमच्या ओसरीवर आपण दोघी दादांकडे इंग्रजी शिकू लागलो. चुकीचे वाक्य ते कधी खोडत नसत. शेजारी बारीक टिंब देत आणि आपली चूक आपल्याला सापडेपर्यंत गप्प राहत. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले नाही. त्या टिंबांकडे मात्र पुष्कळ पाहिले. पुढे माझ्या आईने तुमच्याकडे शब्द टाकला, तेव्हा तुझ्या आई म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय, पण लई शिकल्याली सून आमाला पेलायची न्हाई." दादा तिथेच बसले होते. तेव्हाही ते गप्प राहिले.

काल वहिनींनी सारी वाक्ये कागदावर उतरवून आणली. सगळी शुद्ध होती. फक्त शेवटच्या वाक्याच्या आरंभी जागा मोकळी, आणि पुढे 'हैदराबादेत राहतात' एवढेच. नावावाचून हे अपुरे आहे, असे मी म्हणताच त्या लाजल्या. "नवऱ्याचं नाव बायकूनं कसं लिवावं? तुमाला कावून अडचन? तुमी लिवा की." खरेच होते. मला कसली अडचण? मी लेखणी शाईत बुडवली. आईने हाक मारली तेव्हा टाकाची शाई वाळून गेली होती.

तो कागद सोबत धाडते आहे. ती जागा तू भर आणि कागद परस्पर हैदराबादेस पाठव. तू बहीण आहेस, तुला ते नाव लिहिता येते. वहिनींना मी सांगितले, की माझे अक्षर बरे नाही. त्यांच्या हाताला जे नाव लिहिता येत नाही, ते माझ्याही हाताला येत नाही, शिवा. आणि त्यांना निदान त्याचे कारण तरी सांगता येते.

आता फक्त तुझीच,
केसर