दादासाठी जादा गाडी

३ तारीख, सकाळी
निर्णय पक्का. घरात एक मोटरसायकल असताना दुसरी घ्यायची. बायकोने विचारलं, कशाला? म्हटलं, जादा असलेली बरी. तिने वाद घातला नाही. लक्षण ठीक नाही.

४ तारीख
योजना अशी. दादाला अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले. उजवी बाजू ठणठणीत. डावा हात-पाय जरा मागे आहेत, इतकंच. वडिलांच्या जुन्या गाडीला गिअर उजव्या पायाला होते. त्याच गाडीवर दादाने मला शिकवलं, कानाखाली आवाज काढत. आता जुन्या थाटाची नवी गाडी आलीय. म्हणजे गिअर उजवीकडेच असणार. दादा महिन्याभरात रस्त्यावर! डॉक्टरांना हे सुचलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

६ तारीख, दुपारी
टेस्ट राइड. गोल दिवा, टपोरी टाकी, आवाज अगदी तस्साच. गिअर डावीकडे. सेल्समन म्हणाला, काका, ही फक्त दिसायला जुनी.

७ तारीख
मेकॅनिकला विचारलं, गिअर उजवीकडे घेता येतील का? तो पोट धरून हसला. कोणासाठी ते सांगितलं. मग हसला नाही. हसत राहिला असता तर बरं झालं असतं.

९ तारीख
विचारांती, डावीकडे आहेत तेच उत्तम. पायाला आपोआप व्यायाम. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, आधी पायात चप्पल तर टिकू दे. बाईंना दूरदृष्टी नाही. वहिनी म्हणाली, भावोजी, ह्यांना उगाच आशा लावू नका. म्हटलं, छे, मी कुठे लावतोय!

१२ तारीख, रविवार
दादा दाढी करून, बूट घालून तयार. शोरूमसमोर मी आणि सेल्समनने त्याला धरून सीटवर बसवला. मी दोन्ही बाजूंनी हात लावून. इंजिन सुरू झालं आणि दादा हसला, अर्ध्या तोंडाने का होईना. मग वाकून त्याने उजव्या हाताने स्वतःचा डावा पाय उचलला आणि गिअरवर ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. मी ओरडलो, दाब की रे, दाब! गाडी जागच्या जागी घुरघुरत राहिली. मागे एक जोडपं टेस्ट राइडसाठी थांबलेलं. फार समजूतदारपणे दुसरीकडे बघत होतं.
दादाने चावी फिरवली. म्हणाला, तुझं मन मोडवेना म्हणून आलो रे. आता उतरव मला.

१२ तारीख, संध्याकाळी
बूट जड होते. त्यामुळे झालं.

१३ तारीख
शोरूममधून फोन. गाडी कशी वाटली सर, सीट आरामदायी आहे ना?
म्हटलं, बसायला छान आहे. उतरायला दोघं लागतात.