खालून रंगवलेला पलंग

९ जानेवारी २००७, मंगळवार

चिनी पलंग बघितला! भावेशने सकाळी गाडीत घातलं आणि कशेळीच्या एका गोडाऊनवर नेलं. कुठे, कशाला — काही नाही. पोरगा आईवर गेलाय. खोकं फोडलं, वायर लावली, रिमोट माझ्या हातात दिला. "पप्पा, दाबा." दाबलं. डोकं वर. दुसरं दाबलं. पाय वर. तिसरं दाबलं तर अख्खा पलंग माझ्या कमरेपर्यंत आला. आवाज? मांजर घोरतं तेवढाच. मी वाकून जोड बघितले, बोटाने टिचकी मारली. माझ्या कानाला पोकळ जोड लगेच कळतो. एकही सापडला नाही. खोटं कशाला लिहू — असं वेल्डिंग आमच्या शेडमध्ये एकटा लडकू करतो, तेही पहिला चहा झाल्यावर.

"मस्त हाय," म्हटलं. भावेश हसला. त्याला वाटलं मी संपलो.

१० जानेवारी, बुधवार

काल हसण्यामागे काय होतं ते आज कळलं. जेवताना बोलला. "पप्पा, शेडमधलं वेल्डिंग बंद करू. कंटेनर मागवू, चिनी माल ठेवू, विकू. बनवायची कटकटच नको."

पोराचं नाक तेज आहे, हे मान्य करायलाच हवं. मी धंद्यात पडलो तेव्हा हॉस्पिटलचा पलंग म्हणजे चार पाय, वर पत्रा, पांढरा रंग. मग डोक्याकडचा भाग उचलणारा हँडल आला. मग दुसरा हँडल, गुडघ्यासाठी. आता लोखंडी डोकी गेली, प्लास्टिकची आली — निळी, गुलाबी! स्ट्रेचरलासुद्धा आता ब्रेकवाली चाकं मागतात. हायवेवर दर दोन महिन्यांनी नवीन नर्सिंग होम उघडतंय आणि डॉक्टर लोक फोटो बघून पसंत करतात, लग्नाला मुलगी बघावी तसं. फोटोत चिनी पलंग माझ्या पलंगापेक्षा दहापट देखणा. यात वाद नाही.

पण लडकू? आणि त्याच्या हाताखालचे सात? लडकू माझ्याबरोबर आहे तो मी कापडाच्या लूमच्या मालकांची मोडकी चाकं जोडून देत होतो तेव्हापासून.

शेवटी भावेशनेच तोड काढली. निजामपुऱ्याच्या बाजूला ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, त्यांना पुरुष वॉर्डासाठी तीस पलंग पाहिजेत. एक माझा, एक त्याचा, दोन्ही महिनाभर वापरायला द्यायचे. माझा घेतला तर शेड चालू. त्याचा घेतला तर वेल्डिंग बंद.

"चालेल," म्हटलं.

भावेशची आई पार्वती भांडी आवरता आवरता म्हणाली, "बापलेकांची पैज, आणि आठ घरांचा जीव टांगणीला. शोभतं हो!"

ताट उचलून तिच्यापुढे ठेवलं आणि हात धुवायला गेलो.

१५ जानेवारी, सोमवार

पलंग मांडले. सहा नंबरला माझा, सात नंबरला भावेशचा. मोठे डॉक्टर म्हणाले, "मला काही विचारू नका. महिन्याने मेट्रन सांगतील ते घेऊ." काय माणूस आहे! रोज ज्याचे हात लागतात त्याला विचारायचं — हे मी पंचवीस वर्षांत एका डॉक्टरच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मेट्रनबाई कडक. "मोरूशेठ, पलंग टाकून पळू नका. वॉर्डात जरा बसा, म्हणजे कळेल." बसलो.

१७ जानेवारी, बुधवार

सात नंबरसमोर गर्दी. पेशंट रिमोट सोडायला तयार नाही, वर-खाली, वर-खाली. शेजारचे पेशंट आपली पाळी लावतायत. माझा सहा नंबर बिचारा कोपऱ्यात पडलेल्या सावत्र पोरासारखा.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज एक बाई भेटली. बायजाबाई. पन्नाशीची असेल, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, खांद्यावर फडकं. एकाचं भांडं उचललं, दुसऱ्याला पाणी पाजलं, तिसऱ्याची उशी सरळ केली, जाता जाता सलाइन संपत आलं म्हणून सिस्टरला हाक मारली. वॉर्डातली जुनी कामवाली — ट्रस्टमध्ये गणवेशाची भानगड दिसत नाही. सहा नंबरजवळ थांबली, माझ्याकडे बघितलं.

"यो पलंग कोनी केला?"

"मीच केला."

"शेट, तू याच्या खाली निजला हाईस का?"

मी हसलो. "खाली कशाला निजू? वर गादी आहे!"

"वर पेशंट निजतो. त्याचा मानूस खाली निजतो. तुला कोनी सांगितला न्हाय?"

बस! पंचवीस वर्षं मी पलंग विकतोय आणि प्रत्येक वॉर्डात रात्री पलंगाखाली चटई टाकून बायका, भाऊ, बाप झोपलेले असतात हे मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. पण पलंगाचं माप काढताना ते एकदाही डोक्यात आलं नाही!

२० जानेवारी, शनिवार

रात्रभर बायजाबाईचंच वाक्य. सकाळी शेडमध्ये गेलो, चटई टाकली आणि पलंगाखाली शिरलो. लडकू आणि पोरं बघतच राहिली. "शेठ, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत नव्हती बरी. आडवी पट्टी बरोबर मांडीवर. बोल्टचं टोक शर्टात अडकलं. खालच्या बाजूला रंगच नाही, गंजाची भुकटी डोळ्यात. आणि बाहेर येताना हँडल कपाळावर बसला!

पाच मिनिटं राहिलो. लोक महिना महिना राहतात.

२३ जानेवारी, मंगळवार

वही घेऊन बायजाबाईकडे. "आता सगळं सांगा." ती हात न थांबवता बोलत होती, मी लिहीत होतो. कॉलेजात इंजिनियर लोकांना शिकवणारा एखादा मास्तर असा बोलत असेल तर पोरांचं नशीब. तिच्याच शब्दांत:

"मधली पट्टी काड. पाय लांब होत न्हाय."

"हँडल आत घालता आला पाह्यजे. उटताना दर टायमाला डोक्याला लागतो."

"खालून पन रंग मार. वरचा रंग पेशंट बगतो का? तो तर छताकडं बगतो. खालचा बगणारा खाली हाय."

"बोल्टाला टोपी घाल. केस अडकतात."

मी विचारलं, "चिनी पलंग कसा वाटतो?" म्हणाली, "लय चांगला. गरीब मानूस त्याच्यात मोटा दिसतो." मग वाकून दाखवलं. "खाली मोटर हाय. तिथं मांजर पन मावत न्हाय."

तिरकी नाही, कुत्सित नाही. चांगल्याला चांगलं म्हणणार, मग खोट दाखवणार. अशी माणसं बाजारात मिळाली असती तर मी कधीच मोठा झालो असतो!

२४ जानेवारी, बुधवार

पट्टी काढली. पलंग डुलतो.

२७ जानेवारी, शनिवार

लडकू जिंदाबाद! चारही कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या मारल्या, मधून सगळं मोकळं. वर आम्ही चौघे बसलो, मी मुद्दाम उड्या मारल्या. हलला नाही. हँडलही आत सरकतो आता. लडकूला विचारलं, कसं सुचलं? "आमच्या घराच्या मांडवाला असाच टेका असतो, शेठ." इतकंच. मी कौतुक करायला लागलो तर मास्क खाली ओढून पुढच्या जोडावर गेला.

खालून दोन हात रंग. बोल्टांना टोप्या. सहा नंबरचा पलंग बदलून दिला.

३० जानेवारी, मंगळवार

वॉर्डात तमाशा! लाइट गेली. सात नंबरला निजामपुऱ्यातले एक म्हातारे चाचा, जेवायला म्हणून बसते केलेले. पलंग तसाच अडकला. जनरेटर फक्त ऑपरेशनवाल्यांना. दोन तास चाचा ताठ बसून! "अरे भाई, मैं नमाज़ नहीं पढ़ रहा, मुझे लिटाओ!" सगळा वॉर्ड हसला, चाचा सर्वांत जास्त. शेवटी बायजाबाईने पाठीमागे चार उशा रचून त्यांना अर्धवट टेकवलं.

भावेशला फोन करणार होतो. नाही केला. असला आनंद बापाने घेऊ नये.

१ फेब्रुवारी, गुरुवार

भावेशला तरी कळलंच. आज बॅटरी घेऊन आला, स्वतः पलंगाखाली शिरून लावली. आता लाइट गेली तरी चालतो. दोन दिवसांत तोड काढली! मला राग यायला हवा होता. छाती फुगली.

म्हणजे पैज पुन्हा बरोबरीत. आणि वॉर्डातली पोरंसोरं अजून रिमोटवरच.

६ फेब्रुवारी, मंगळवार

बायजाबाईने आज जे सांगितलं त्यावर मी सही करून फ्रेम लावीन. एक्स-रेला न्यायचं म्हणून एका पेशंटला पलंगावरून स्ट्रेचरवर घेत होते. चार जण. पेशंट ओरडतोय. ती पायाकडे धरून होती. झाल्यावर घाम पुसत मला म्हणाली, "शेट, पलंग पन तूच करतो, स्ट्रेचर पन तूच करतो. मंग दोघांची उंची येक का न्हाय?"

मी वीस वर्षं दोन वेगवेगळ्या मापांनी दोन्ही विकतोय! पलंग एका कॅटलॉगमधून उतरवलेला, स्ट्रेचर दुसऱ्यामधून. मध्ये एक वीतभर फरक. त्या वितीमधून पेशंट उचलावा लागतो. उंची एक असेल तर सरकवला की झालं.

११ फेब्रुवारी, रविवार

स्ट्रेचर कापून बरोबर पलंगाच्या उंचीला आणला. बाजूला खाली पडणारी फळी, पलंगावर टेकते. घरचा तांदळाचा कट्टा ठेवून सरकवून बघितला, मग पार्वतीला म्हटलं, झोप. "मी मेल्यावर झोपवा!" पण झोपली. एका हाताने सरकवली. भावेश दारात उभा होता. पुढे येऊन फळी दोनदा वर-खाली केली. "पप्पा, हा सेट म्हणून विकता येईल."

"विकता येईल," म्हटलं.

"म्हणजे लोक पलंगाबरोबर स्ट्रेचर घेतीलच."

"घेतीलच."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वॉर्डातली एक बाई."

सात नंबरचा विषय मात्र आज त्याने काढला नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मेट्रनने बोलावलं. बापलेक दोघे उभे, निकालाला उभे राहावे तसे. त्यांनी आधी चिनी पलंगाची स्तुती केली. मनापासून. आयसीयूसाठी दोन घेणार म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण वॉर्डात तीस तुमचे. आणि सहा स्ट्रेचर, त्याच उंचीचे. या महिन्यात सहा नंबरच्या नातेवाइकांनी एक तक्रार केली नाही. माझ्या नोकरीत असं झालेलं नाही."

बाहेर आल्यावर भावेशने माझ्या पाया पडायची नाटकं केली. "शेड तुमची, महाराज!" मग सरळ होऊन म्हणाला, "आयसीयूचे दोन माझे. वर्षभरात बघा, तुमचीच शेड माझे पलंग रिपेअर करेल." कान धरला त्याचा, हॉस्पिटलच्या पायरीवरच. शेडमध्ये गेलो. लडकूला सांगितलं. त्याने मशीन बंद केली, हात पुसले, पुन्हा मशीन चालू केली. सातांपैकी एकाने शिट्टी मारली.

बायजाबाई वॉर्डात दिसली नाही. पेढे मेट्रनकडे ठेवले, तिच्यासाठी वेगळी पुडी.

२४ फेब्रुवारी, शनिवार

एका दिवसात चार पलंग. ठाण्याहून दोन नर्सिंग होमवाले बघून गेले. दोघेही वाकून खालून बघतात! कोणीतरी बोललंय वाटतं.

१० मार्च, शनिवार

ठरवलं. बायजाबाईला शेडमध्ये घ्यायचं. कामवाली म्हणून नाही — प्रत्येक पलंग तिच्या नजरेखालून जाईल, ती हो म्हणेल तेव्हाच बाहेर. लडकू म्हणतो, "शेठ, मग मला पण तिचंच ऐकावं लागेल." म्हटलं, मलासुद्धा!

पार्वती म्हणाली, "आधी तिला तर विचारा."

"सोमवारी माल लावायला जातोय, तेव्हा विचारतो."

१२ मार्च, सोमवार

तीस पलंग लागले. मेट्रनला म्हटलं, "तुमची बायजाबाई मला द्या."

"आमची? अहो, ती नऊ नंबरच्या पेशंटची बायको! ताडावरून पडला होता तो, कमरेखाली काही राहिलं नाही. चार महिने त्याच्या खाटेखाली राहिली बिचारी, सगळ्या वॉर्डाचं करायची. डॉक्टर म्हणाले आता इथे काही होणार नाही, तर मागच्या महिन्यात घेऊन गेली. तुमची पुडी तशीच आहे."

कुठे नेलं? खारबावच्या पुढे एक पाडा. घरी कशावर ठेवलंय? "जमिनीवर. त्यांच्याकडे पलंग कुठला?"

बोल्टांचं विचारलं मी तिला, हँडलचं विचारलं, उंचीचं विचारलं. पेशंट तुझा कोण, एवढं नाही विचारलं.

उद्या सकाळी निघतो. आधी मापाची टेप घेऊन, पलंग नंतर. पाड्यावरच्या घराच्या दारातून माझा पलंग आत जातो की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही.