फुलोऱ्यातलं गवत

सायखेडा, १२ सप्टेंबर १९३७
बांधाखालचं पवन्या गवत फुलोऱ्यात आलं. शेतीखात्याचा कागद पुन्हा काढला. मागल्या वर्षी हे नाशिकहून घेऊन आले होते. "गवत फुलोऱ्यात असताना कापावे. बी झडल्यावर काडी उरते, सत्त्व उरत नाही." त्याखाली "कापल्यावर" एवढाच शब्द, पुढचं फाटलेलं. खालची पट्टी यांनीच फाडून तंबाखूला घेतली असणार.
तांबू गाय सहा महिन्यांची गाभण. वळूकडे यांनीच नेली होती. नंतर आठ दिवसांत गेले.

१३ सप्टें.
भाऊजींना विचारलं. म्हणाले, "वहिनी, खंडेनवमीला विळा पुजल्याबिगर आपल्यात गवताला लावत नाय."
मी म्हटलं, सगळं नको, तांबूपुरता बांधाखालचा तुकडा.
म्हणाले, "कापा. पण तुमच्या हातानं. आमचा विळा मिळायचा नाय."
जाऊबाई चुलीपासून म्हणाल्या, "वाचून दूध वाढतं व्हय?" स्वतःच हसल्या. मलाही हसू आलं. किती दिवसांनी.

१७ सप्टें.
यांचा विळा घासला. मूठ त्यांच्या हाताची, मला मोठी होते. पश्चिमेला आभाळ आहे. उद्या कापतेच. फुलोरा थांबायचा नाही.

१९ सप्टें.
दोन दिवस एकटीनं कापलं. काय वास! पान न् पान हिरवं. पसरून ठेवलं आहे. कंबर...

२३ सप्टें.
तीन दिवस झड. आज उघडल्यावर उलटवायला गेले. खालून गरम लागलं, शिजवलेल्या कण्यांसारखं. काळं पडलं. उचललं की पान गळून मातीत, हातात काडी. ज्या पानासाठी घाई केली तेच गेलं.
तरी गोठ्यापाशी आणून टाकलं. तांबूनं हुंगलं आणि मान फिरवली.
 

१५ ऑक्टोबर
काल दसरा. आज गावानं गवताला विळा लावला. भाऊजींनी आपल्या कुरणातल्या गवताची गाडी माझ्या गोठ्यापाशी आणून ओतली. "तांबूला घाला. दादाची गाय हाय." गवत पिवळंधमक, दिसायला सुरेख. पेंढी सोडून पाहिली. बी झडलेलं, पानं वाळून गेलेली, नुसत्या काड्या. त्यांच्या तोंडावर कसं सांगू? आणि मी कोण सांगणारी? माझ्या गवताचा काळा ढीग तिथंच होता, दोघांच्या मध्ये.

२० नोव्हेंबर
तांबू दिवसभर खाते. पोट तट्ट, फासळ्या मोजाव्यात अशा. शेण कोरडं, काडीकाडीचं. भाऊजी म्हणतात, "खाती तर लय, मंग जातंय कुठं?"
पेंड नांगराच्या बैलांनाच पुरत नाही. हिरवा लसूणघास असायचा तिथं यंदा कांदा.
मी पेंढ्या जुन्या लुगड्यावर झटकते. दहा झटकल्या की दोन मुठी पानं पडतात. तेवढी हातावर भरवते. यांना कळलं असतं तर म्हणाले असते... नाही, काही म्हणाले नसते. बाजूला बसून झटकू लागले असते.

५ डिसेंबर
भाऊजी नाशिकला गेले होते. आल्या आल्या माझ्यापुढं एक कागद धरला. "वहिनी, तुमचा अर्धाच व्हता. सगळा मागून आणला." मुद्दाम खात्याच्या कचेरीत गेले होते. 
फाटलेल्या पट्टीवर काय होतं ते वाचलं. "कापल्यावर गवत पावसात सापडू देऊ नये. आभाळ असल्यास थांबावे."
एवढंच.
इतके दिवस वाटायचं, ती पट्टी असती तर. मनातल्या मनात यांना बोल लावत होते. हे तर कागदाशिवाय कोणालाही ठाऊक. मलाही होतं. आभाळ मीच पाहिलं होतं, याच वहीत लिहिलंही आहे.

१० डिसें.
सकाळी तांबू बसली ती उठली नाही. चौघांनी पोटाखालून पोतं घालून उभी केली. पाय लटपटत होते. सोडल्यावर पुन्हा खाली. भाऊजी म्हणाले, "वासराचं वजन हाय. उठंल." म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. दिवस भरत आले. कास अजून रिकामी.

१३ डिसें.
आज पोतं लावलं तरी उठली नाही. जाऊबाई भाकरी कुसकरून, ताकात भिजवून घेऊन आल्या. तिच्या तोंडाशी धरून बसल्या. "खा गं बाय, माझ्यावर राग नको धरू." तिनं दोन घास घेतले.
त्या गेल्यावर उरलेल्या सगळ्या पेंढ्या झटकल्या. एक मूठ पानं निघाली. तळव्यावर धरली. तिनं पानं घेतली, काड्या ओठांनी बाजूला सारल्या. मग रिकामा तळवा चाटत राहिली.
दुसरा हात तिच्या पोटावर होता. आत हललं. थोडं थांबून पुन्हा.
उद्यासाठी पानं नाहीत.